वालूरचा कॅमेरा

कॅमेरा शोधायला लागल्यापासून धम्मशीलाचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता.

आधी ती अशी नव्हती. पिंगळीहून रोज रेल्वेनं परभणीला कॉलेजात जायची, संध्याकाळी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची, कुणी काही सांगितलं की खरं मानायची. पण कस्तुराआत्यावर फिल्म करायचं तिच्या मनानं घेतलं आणि सगळं बदललं.

कस्तुराबाई म्हणजे तिच्या वडिलांची थोरली बहीण. आसपासच्या गावांत बौद्ध पद्धतीनं लग्नं लावणारी ती एकटीच बाई. अजूनही एखाद्या मांडवात म्हातारे कुरकुरायचे, "आता बाई लगीन लावणार का?" आत्या त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. पांढऱ्या साडीचा पदर सावरून त्रिशरण सुरू करायची, ते इतक्या हळू आवाजात की ऐकण्यासाठी सगळा मांडव गप्प व्हायचा. हे कुणीतरी टिपून ठेवायला पाहिजे, असं धम्मशीलाला फार दिवस वाटत होतं. मग एक दिवस वाटलं, कुणीतरी कशाला, आपणच.

शिकवण्यांचे पैसे साठवून ती परभणीत एका मोठ्या दुकानात गेली. दुकानदारानं नवाकोरा म्हणून जो कॅमेरा पुढं ठेवला त्याच्या खोक्याचं सील एकदा उघडून परत चिकटवलेलं होतं. "कलही आया मॅडम ये पीस," तो म्हणाला. वर बॅग आणि ट्रायपॉड फुकट. तो ट्रायपॉड उभा केला तर नुकत्याच जन्मलेल्या वासरासारखा लटलटायला लागला. मग वर्गातला एक मुलगा आपला कॅमेरा विकतोय असं कळलं. त्यानं त्यावर काढलेले सुंदर सुंदर फोटो दाखवले, पण आत्ता, माझ्यासमोर एक काढून दाखव म्हटलं की त्याची बॅटरी संपलेली असायची. मोबाइलवर माहिती सांगणारे तर वेगळेच. जो माणूस ज्या कॅमेऱ्याचं कौतुक करायचा, त्याच कॅमेऱ्याच्या खरेदीची लिंक त्याच्या व्हिडिओखाली असायची.

अशात तिला ती जाहिरात दिसली. वालूरचा कुणी योगीराज. कॅमेरा, दोन लेन्स, कॉलर माइक, ट्रायपॉड, सगळं मिळून परभणीतल्या नव्या कॅमेऱ्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. खाली लिहिलं होतं, 'कंडिशन एकदम ओके. लवकर घेणाऱ्यानेच फोन करावा.'

तिनं फोन केला.

"बिल हाय का?" तिनं विचारलं.

"असंल की कुठंतरी."

"किती वर्षं वापरलाय?"

"लय न्हाई. तुमी बघायला या ना. फक्त दुपारीच या. जेवणं झाल्यावर. सकाळी न्हाई, संध्याकाळी तर अजिबात न्हाई."

"का?"

फोन ठेवून दिलेला होता.

वडिलांनी, लिंबाजीनं, जेवता जेवता निकाल देऊन टाकला. "चोरीचा हाय. आमच्या हापिसात एकानं असाच सस्त्यात लॅपटॉप घेतला. पोलीस दारात आले."

"बघून तर येते."

"एकटी न्हाई जायचं," आई म्हणाली. पंचफुलाचा मुळातच कुणावर भरवसा नसायचा. दूधवाल्यासमोर ती दुधात बोट घालून बघायची. "मी येते. माणूस कसाय ते मला दारातच कळतं."

मायलेकी सेलूपर्यंत रेल्वेनं आणि तिथून काळीपिवळी जीपनं वालूरला गेल्या. योगीराज रस्त्यावरच उभा होता. चाळिशीच्या आतला, उंच, अंगानं रोडका, बोलताना सारखा मागं बघणारा माणूस. त्यानं त्यांना मोठ्या रस्त्यानं न नेता मागच्या बोळातून घरी नेलं. पंचफुलानं लेकीचा दंड धरला आणि सोडलाच नाही.

घर साधं, नेटकं. ओसरीवर एक शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. योगीराजनं त्यांना पाणी दिलं, आत गेला, बाकीचं सामान आणून ओसरीवर मांडलं आणि टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा घेऊन आला. गुंडाळीतून तो त्यानं असा काढला, जसं दुसऱ्याचं लेकरू उचलतात.

"चालू करून दाखवा," धम्मशीला म्हणाली.

त्यानं कॅमेरा हातात फिरवला. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. फ्लॅश ताडकन वर आला तसा तो दचकला.

"कालपर्यंत चालू व्हायलता," तो म्हणाला.

धम्मशीलानं आईकडे बघितलं. आईनं भुवई उडवली. ज्याचा कॅमेरा त्याला तो चालू करता येत नाही, म्हणजे वडील म्हणाले तेच खरं. इथून उठून जावं असं तिला वाटलं. पण कॅमेरा हातात आला आणि उठवेना. किती तरी दिवस जो फक्त मोबाइलच्या काचेत बघितला होता त्याचं वजन तिच्या तळव्यात बसलं होतं.

तिनं तो चालू केला. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून बघितला, कुठं डाग नव्हता. शटरचा आवाज स्वच्छ होता. पट्टा गळ्यात घातला तर कॅमेरा नेमका तिच्या छातीशी आला. तिला नवल वाटलं. योगीराज तिच्याहून हातभर उंच. त्याच्या गळ्यात हा पट्टा फासासारखा बसला असता. मग तिनं मोठी लेन्स उलटी करून बघितली. फिरवायच्या कड्यावर एका ठिकाणी बारीकशी मरून टिकली चिकटवलेली होती. कडं फिरवून टिकली खुणेला आणली की समोर सात-आठ हातांवरचं माणूस झक्क स्पष्ट दिसायचं. मांडवात घाईच्या वेळी कामाला यावी अशी ती खूण होती.

"हा कॅमेरा कुणाचाय?" तिनं विचारलं.

"घरचाच हाय."

"घरच्या कुणाचा?"

योगीराज काही बोलणार तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. एक बाई आत आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, खांद्यावर कापडाची पिशवी आणि गळ्यात मोजपट्टी. ती धापा टाकत होती. कुणीतरी तिला निरोप दिलेला असणार. तिनं नवऱ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि मोजपट्टी काढून खुंटीला लावली.

"आज शिवणक्लास लवकर सुटला का सविता?" योगीराजनं विचारलं.

"सोडला," ती म्हणाली. मग धम्मशीलाकडे वळून शांतपणे बोलली, "लांबून आलीस बाई. पण घेऊ नको हा. लेन्सला बुरशी लागलीय आतून. पावसाळ्यात पेटीत बंद होता. फोटो आज बरे येतेल, वर्षानं सगळे धुरकट येतेल."

पंचफुला लगेच उठली. "चल गं. मी म्हणलंच होतं."

पण दोन महिने ज्याच्या त्याच्या बोलण्यातली खोट काढत आलेली धम्मशीला काही उठेना. बुरशी कशी दिसते हे तिनं कितीदा तरी बघितलं होतं. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. तिनं मोबाइलची बॅटरी लावली, लेन्सच्या मागून उजेड टाकला, हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवून बघितलं. दुसरी लेन्सही तशीच बघितली. मग तिनं मान वर केली.

"बुरशी नाही यात. काच एकदम स्वच्छ आहे."

बोलून गेली आणि मग तिला सविताचा चेहरा दिसला.

योगीराज खुलला. "बघा! मी काय सांगायलतो? एक नंबर माल हाय. किमतीत अजून थोडं इकडं तिकडं करू." त्याचं मागं बघणंही थांबलं होतं. पंचफुलाही परत बसली. स्वस्तात चांगली वस्तू मिळायली म्हटल्यावर तिच्या संशयाचा काटा आता सवितावर फिरला. "काहून हो बाई, खोटं काहून सांगितलं? लेकराला मागं फिरवायलत्या ना?"

सविता खांबाला टेकून उभी राहिली आणि धम्मशीलाच्या हातांकडे बघत राहिली.

धम्मशीलाला आपल्या हुशारीची लाज वाटली. तिला पाहिजे होता तसा कॅमेरा तिच्या हातात होता. चोरीचा नव्हता, बिघडलेला नव्हता, परवडणारा होता. नुसतं हो म्हणायचं होतं. तरी तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"ताई, तुम्हाला हा विकायचाय का?"

"तिला काय इचारायचं—" योगीराज म्हणाला.

"मी त्यांना विचारायलेय."

सवितानं एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "न्हाई."

इतका वेळ गोडीनं बोलणारा योगीराज चिडला. "मग पेटीत ठिवून काय पूजा करायची का त्याची? सा-सात महिने झाले, हात लावला न्हाईस तू."

"लावू कोण देतंय?" सविता म्हणाली.

मग सगळंच बाहेर आलं. एवढा वेळ लपवाछपवी करणाऱ्या माणसानंच ते सांगून टाकलं. सविता लग्नांत शूटिंग करायची. हळदीला, डोहाळजेवणाला बायका तिलाच बोलवायच्या, तिच्यासमोर त्या लाजायच्या नाहीत. मागच्या उन्हाळ्यात एका वरातीत कुणीतरी दारूच्या नशेत तिच्याबद्दल वेडंवाकडं बोललं. योगीराज त्या माणसाशी भांडला, घरी आला आणि बायकोला म्हणाला, आता बास.

"तिनं काय केलतं?" धम्मशीलानं विचारलं.

"काहीच न्हाई केलतं," योगीराज म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "पण लोकं बोलायलेत, ते माझ्या कानावर येतंय. पेटी उघडली की ती त्याच्याकडं बघत बसती, दिवसभर बोलत न्हाई. म्हणलं, नसंलच तर बघणार तरी न्हाई."

पंचफुलानं त्याच्याकडे नीट बघितलं. दारात माणूस ओळखणारी ही बाई पहिल्यांदाच बुचकळ्यात पडल्यासारखी दिसली.

धम्मशीलानं कॅमेरा बंद केला, लेन्सवर झाकण बसवलं आणि तो सविताच्या हातात दिला. सवितानं तो घेतला आणि पाहुण्यांना तसंच कसं लावून द्यायचं म्हणून चहा ठेवायला आत गेली. जाताना कॅमेरा गळ्यातच राहिला.

चहा पिताना तिनं विचारलं, "कशाचं शूटिंग करायचंय तुला?"

धम्मशीलानं आत्याबद्दल सांगितलं. त्या हळू आवाजाबद्दल, कुरकुरणाऱ्या म्हाताऱ्यांबद्दल.

"मग कॅमेरा काहून शोधायलीस?" सविता म्हणाली. "तिचं सगळं आवाजात हाय म्हणतीस. मोबाइल चांगला हाय ना तुझ्याजवळ? चित्र त्याच्यात येतंय. मांडवातला आवाज त्याला जमणार न्हाई. हा कॉलर माइक घेऊन जा, मला दुसरा हाय. आन् ट्रायपॉड. मोबाइल हातात धरून कधीच काढू नको."

संशय एवढ्यात जाणारा नव्हता. विकायला नको असलेला कॅमेरा वाचवला आणि नको असलेला माइक गळ्यात मारायली की काय, असं धम्मशीलाच्या मनात आलंच. तिनं माइक मोबाइलला जोडला, सविताच्या पदराला लावला आणि म्हणाली, "हळू बोला काहीतरी. एकदम हळू."

सवितानं माइककडे मान झुकवली. मग ओठ हलताहेत न हलताहेत असं काहीतरी बोलली. समोर बसलेल्या पंचफुलालाही ते कळलं नाही. धम्मशीलानं कानात हेडफोन घालून ऐकलं. बाहेर ट्रॅक्टर जात होता, तरी शब्दन् शब्द कळत होता. "इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या लग्नात सगळ्यांत पुढं उभी राह्यले."

ती काय बोलली हे धम्मशीलानं कुणालाच सांगितलं नाही. माइक आणि ट्रायपॉड विकत घेतला, आणि निघताना आत्या पिंगळीत पुढचं लग्न कधी लावणार आहे ती तारीख सविताला सांगितली. "जमलं तर या. कॅमेरा घेऊन."

"बघू," सविताच्या आधी योगीराजच म्हणाला.

रेल्वेत परभणी गेल्यावर पंचफुला म्हणाली, "ती काही यायची न्हाई. आन् तो तिला येऊ द्यायचा न्हाई."

धम्मशीलालाही तसंच वाटत होतं. म्हणून पिंगळीच्या त्या लग्नात तिनं कुणाची वाट बघितली नाही. मोबाइल ट्रायपॉडवर बसवला, आत्याच्या पदराला माइक लावला. आत्या म्हणाली, "हे कशाला? मी काय पुढारी हाय का?" आणि उभी राहिली. मागच्या रांगेत एक म्हातारा नेहमीसारखा कुरकुरला, तेही माइकवर आलं. धम्मशीलानं ते फिल्ममध्ये तसंच ठेवलं.

वंदना संपून वधू-वर एकमेकांना हार घालत होते तेव्हा मांडवाच्या दाराशी मोटारसायकल थांबली. मागून सविता उतरली, गळ्यात कॅमेरा. थेट पुढं आली, नवरीच्या आईपाशी गुडघ्यावर बसली आणि तिचा चेहरा टिपायला लागली. योगीराज आत आलाच नाही. मांडवाबाहेर मोटारसायकलवर बसून तो आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे डोळे बारीक करून बघत होता. पंचफुलानं त्याला जेवायला बोलावलं तर म्हणाला, "मी हितंच बराय, मावशी."

फिल्म कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा मोबाइलवरची दृश्यं अंधारात दाणेदार दिसली. पण कस्तुराबाईचा आवाज सुरू झाला आणि हॉलमधली पोरं गप्प झाली. शेवटच्या नावांत 'अतिरिक्त छायाचित्रण – सविता, वालूर' असं आलं. पहिल्या रांगेत बसलेल्या आत्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि शेजारच्या लिंबाजीला विचारलं, "ही कोण रे?"

"लांबची हाय," लिंबाजी म्हणाला. "चोरीचा माल विकायलत्या, असं वाटलतं आपल्याला."