पडद्याआधीचे तीन ठोके

मी दांडका बोलतोय. पॅरिसमधल्या एका अरुंद गल्लीतल्या दीडशे खुर्च्यांच्या नाटकगृहात पडदा उघडण्याआधी रंगमंचाच्या फळीवर ठोके पडायचे ना, ते माझे. आधी भराभर अकरा, मग सावकाश तीन. तिसरा पडला की माणसं खोकणं थांबवून गप्प बसायची. नाटकवाले मला 'हवालदार' म्हणतात. हुकूम मात्र माझा कधीच नव्हता.

जुना रंगमंच मोडला, तेव्हा त्याच्याच एका वाशातून फिर्मांने मला तासला. टोकाला लाल मखमल लावली, पितळी खिळे ठोकले. फिर्मां पडद्यामागचा व्यवस्थापक. एकतीस वर्षं त्याने मला दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. रोज कोरड्या फडक्याने पुसायचा. बायकोकडे एवढं लक्ष दिलं असतंस तर ती पळाली नसती, असं नाटकगृहाचे मालक बास्तीद त्याला सगळ्यांदेखत म्हणायचे. हेच बास्तीद येता-जाता सांगायचे, "नाटक म्हणजे धर्म!" मोठा सोवळा धर्म. पहिल्या रांगेत जर्मन अधिकारी टांगा पसरून बसले, तरी बाटला नाही.

त्रेचाळीस साल, पॅरिस जर्मनांच्या ताब्यात. फेब्रुवारीतला रविवार. तीनचा प्रयोग. अद्रियां नावाचा नट धावत फिर्मांपाशी आला. पोरगा जर्मनांविरुद्धची पत्रकं वाटायचा, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"फिर्मांबाबा, ठोके पाच मिनिटं थांबवा. मागच्या दाराशी पोलीस आलेत. बाहेर व्हरांड्यात गर्दी आहे तोवर तिच्यात मिसळून पुढच्या दाराने निघतो."

आणि गेलासुद्धा. फिर्मांने मालकांकडे पाहिलं. मालकांनी घड्याळाच्या काचेवर बोट आपटलं. फिर्मांने मला उचललं.

अकरा. मग तीन.

प्रेक्षक शहाणे. अर्ध्या मिनिटात सगळे आपापल्या खुर्चीत. मोकळ्या व्हरांड्यात अद्रियां एकटा उरला, नाटकातल्या राजपुत्राचे पांढरे बूट घातलेला. तिथेच धरला. पुन्हा आला नाही. त्याचं काम दुसऱ्याने केलं, टाळ्याही पडल्या.

पुढे मालक सांगू लागले, "त्याला घरून नेलं हो बिचाऱ्याला." मग सगळेच तसं सांगू लागले. चार वर्षांत त्यांचा त्यावर विश्वासही बसला. थोरांची ही एक कला आहे. फिर्मां मला दिवसातून दोनदा पुसू लागला, एवढंच.

सत्तेचाळीसला ओदील आली. अद्रियांची तेव्हा गावी असलेली धाकटी बहीण, वय तेवीस. 'घरून नेलं' हेच तिच्याही कानावर आलेलं. विद्यापीठ अर्ध्यावर सोडून कॅफेच्या शेगडीपाशी एका कॉफीवर दिवस काढणाऱ्या, माणसाच्या असण्यावर तावातावाने भांडणाऱ्या पोरांपैकी. तिने नाटक लिहिलं होतं. भावाची आठवण म्हणून ते इथेच व्हावं, असा तिचा हट्ट. नाटकात रेल्वेचा एक फाटकवाला आहे. शिपाई मागे लागलेली एक बाई रूळ ओलांडायला धावत येते, तो नेमाने फाटक पाडतो, ती पकडली जाते. नाटकभर तो एकच म्हणत राहतो, "मी फक्त फाटक पाडलं."

"आणि ठोके नकोत," ओदील म्हणाली. "जन्माला येताना कोणी वर्दी देतं का?"

"पोरी, शेकडो वर्षांची रीत आहे ही!" मालक लाल झाले. "तुम्हा पोरांना सगळंच नको. देव नको, लग्न नको, ठोके नको, अंघोळ नको."

"गरम पाणी द्या, अंघोळ करते."

तालमींत मी कोपऱ्यात उभा राहून ऐकायचो. ती नटांना सांगायची, माणसाला कोणी नेमणूक देऊन पाठवत नाही. तो नुसता येतो, आणि जे करतो तेच होत जातो. मला गंमत वाटायची. माझी नेमणूक आधी झाली, तासणं नंतर. माणसांचं म्हणे उलटं असतं. मग त्या रविवारी मला उचलताना फिर्मांच्या हाताला घाम का फुटला होता, ते मला कळलं. न ठोकणंही त्याच्याच हातात होतं.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी फाटकवाल्याचं ते वाक्य नटाला काही केल्या जमेना. ओदील नटावर वैतागली. "अरे, तो खोटं बोलत नाहीये! त्याला खरंच वाटतं की त्याने फक्त फाटक पाडलं."

"नाही वाटत." विंगेतून फिर्मां म्हणाला.

सगळे वळले.

"त्याला माहीत असतं, पोरी. हात उचलतानाच माहीत असतं." आणि मला छातीशी धरून, उभ्या उभ्या त्याने ती दुपार सांगितली. पाच मिनिटं मागितली होती, तीही सांगितली.

"म्हातारा भ्रमलाय," मालक म्हणाले.

"तुम्ही घड्याळ दाखवलंत, मालक. पण हात माझा होता."

ओदीलने कोट घातला. दाराशी थांबून म्हणाली, "उद्या ठोकायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी सांगणार नाही."

म्हातारा रात्रभर माझ्याशी भांडला असेल म्हणाल, तर नाही. गाढ झोपला. चार वर्षांनी.

रविवारी तीन वाजले. मालकांनी घड्याळावर बोट आपटलं. फिर्मां मला घेऊन पडद्याबाहेर गेला आणि प्रेक्षागृहातले दिवे चालू असतानाच प्रेक्षकांसमोर नुसता उभा राहिला. लोक आधी हसले. मग कुजबुजले. एका बाईंनी मोठ्याने विचारलं, "ह्यांना बरं नाहीये का?" कोणी उठून व्हरांड्यात गेलं, कोणी परत आलं. मी मात्र फळीला टेकलो नाही. पाच मिनिटं झाली तेव्हा तो म्हणाला, "अद्रियांला एवढाच वेळ हवा होता. मी दिला नाही." आणि बाजूला झाला.

मालकांनी सोमवारी त्याला काढून टाकलं. जाताना त्याने मला ओदीलच्या हातात दिलं. तिने ठेवून घेतलं. माफ केलं, असं काही म्हणाली नाही.

आता मी तिच्या पाचव्या मजल्यावरच्या खोलीत असतो. माझ्या मखमलीच्या टोकाने ती छताची खिडकी ढकलते. गुरुवारी फिर्मां धापा टाकत वर येतो.

"आलात? बसा. आज त्याचं काय सांगणार?"

मग अद्रियां संवाद विसरला की शिंक कशी काढायचा, ते तो उठून करून दाखवतो. ती हसता हसता रडते आणि त्याच्या ताटात आणखी एक बटाटा वाढते. माफी अजून दिलेली नाही. तो मागतही नाही. येतो मात्र दर गुरुवारी.

मला कोणी विचारलंच, तर मी बिनदिक्कत सांगेन की मी फक्त फळीवर पडलो. मी लाकूड आहे, मला ते शोभतं. तुम्ही तेवढं म्हणू नका.