तारोडीला वाढलेलं पान

रिक्षातून उतरताना काशीनाथरावांनी आधी काठी बाहेर काढली, मग दुखरा गुडघा, आणि मग उरलेलं शरीर. हंसाने वरणभाताचा डबा आणि केळीचं पान एका हातात सांभाळत त्यांचं कोपर धरलं.

"इकडून नको," ती म्हणाली. "शेवाळ आहे. वरच्या वाटेने जाऊ."

"हीच वाट जवळची आहे."

दर आषाढ अमावास्येचं हे ठरलेलं. 'रामदास' बोट बुडाली तेव्हा काशीनाथरावांचे वडील गटारीसाठी मुंबईहून रेवसला निघाले होते आणि काशीनाथराव आईच्या पोटात होते. प्रेत सापडलं नाही. माशांनीच खाल्लं असणार, म्हणून आईने घरातली मासळी कायमची बंद केली. रेवस, सासवणे, मांडवा, जिथे कुणाचं प्रेत लागलं असं कानावर आलं, तिथे ती त्या दिवशी नवऱ्याचं पान वाढून यायची. आई गेली आणि नेम मुलाकडे आला, मुलाच्या मागोमाग सुनेकडे, हंसाकडे. भर पावसात अलिबागची एसटी, चिखल, पायांत घोटाळणारी ओली साडी. हंसा पार विटली होती. पण मेलेल्या माणसाबद्दल तक्रार करणार कुणाकडे?

यंदा गुडघ्याने हात टेकले. "समुद्र सगळा एकच," असं म्हणत काशीनाथरावांनी घराजवळचा तारोडीचा किनारा ठरवला, आणि हंसाने दुसरा किनारा सुचवून पाहिला. भाईंदरहून भजनी मंडळाला म्हणून निघून ती जिथे जायची, ते गोदूबाईचं घर याच वाटेवर होतं. रत्नागिरीच्या मुलीने किती वर्षं जीभ मारायची? गोदूबाईच्या चुलीवर भाजलेले सुके बोंबील आणि तांदळाची भाकरी, एवढंच तिचं पाप. परतताना वेलची चघळायची.

गोदूबाई ओट्यावर जाळं विणत बसली होती. हंसाने मान खाली घातली, पण उपयोग झाला नाही.

"आलीस गं? ये, बस. निखारा हाय अजून, भाजते दोन." मग तिचं लक्ष मागे गेलं. "ह्ये कोण?"

काशीनाथराव काठी टेकून ओट्यावर बसले आणि गुडघा चोळू लागले.

"मी हिचा नवरा," ते म्हणाले. "हिला नेहमीचं द्या."

गोदूबाई आत गेली. थोड्या वेळाने भाजल्याचा वास बाहेर आला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" हंसाने विचारलं.

"तुझ्या पदराने. वेलचीने काय होतंय?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? घरातलं एक माणूस तरी खातंय, म्हणून बरं वाटायचं."

हंसाला रडू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं ती चोरासारखी घरात शिरत होती, आणि हा माणूस दार उघडून गप्प राहत होता.

बोंबलांची ताटली घेऊन दोघं पुढे खडकापर्यंत गेली. समुद्र गढूळ होता, उसळत होता. काशीनाथरावांनी वाळूवर पान मांडलं, भात ठेवला, वर वरण ओतलं. हात जोडायचे सोडून ते नुसतेच पानाकडे बघत राहिले.

"दमलो गं मी," ते म्हणाले. "आणि बाबाही दमले असतील. गटारीला घरी जेवायला निघालेला माणूस, आणि आपण त्यांना दरवर्षी वरणभात वाढला."

त्यांनी ताटलीतला एक बोंबील उचलून भाताशेजारी ठेवला. लाट आली आणि पान घेऊन गेली.

काशीनाथराव वाकून पाहत राहिले. मग हळूच हंसाशेजारी टेकले, ताटलीतला दुसरा बोंबील उचलला आणि उलटसुलट करून पाहिला.

"याचा काटा कसा काढतात?"

हंसाने बोटं पदराला पुसली आणि ताटली मांडीवर ओढून घेतली.