व्हायोलाच्या तुकड्यावर डोळा

चाळीस वादकांसाठी लिहिलेली दीडशे वर्षांपूर्वीची सेरेनेड, म्हणजे वाद्यवृंदाची एक पाश्चात्त्य रचना, मी आमच्या चौघांच्या व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि पितळी हॉर्न अशा चार वाद्यांत बसवली. दोन हिवाळे गेले त्यात. चांगली बसली का, मला सांगता येणार नाही. पण संथ भागात व्हायोलानं एकट्यानं वाजवायचा एक तुकडा मी ठेवला, आणि व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं थोडं मोठं भावंड, मीच वाजवतो. थोडा स्वार्थ झाला खरा. गेल्या वर्षी अशाच एका जागी भर कार्यक्रमात माझा हात थिजला होता. यंदा हा तुकडा नीट पार पडला नाही, तर पुन्हा वाद्य हातात घ्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

चेलो वाजवतो माझा मेहुणा. त्या तुकड्यात चेलो गप्प असतो, तरी तालमीत त्याचा गज तारेवर टेकलेला दिसायचा. चहाच्या वेळी मी त्याची स्वरलिपीची प्रत चोरून पाहिली. रिकाम्या ओळीत पेन्सिलीनं माझा अख्खा तुकडा उतरवलेला.

"तुझ्या भावाचा माझ्या तुकड्यावर डोळा आहे," मी घरी म्हणालो.

"त्याला स्वतःचं वाजवताना धाप लागते," बायको म्हणाली. "तुमचं कशाला घेईल?"

पण संशय एकदा मनात शिरला की मला दुसरं काही सुचत नाही. पुढच्या तालमीत त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. तुकडा सुरू केला आणि मध्येच मुद्दाम थांबलो.

चेलो लगेच सुरू झाला. व्हायोलिनही. आणि हॉर्नसुद्धा, तो तर भलत्याच पट्टीत. मग तिघं एकदम थांबले आणि आपापल्या कागदाकडे पाहत बसले.

"मास्तर, तुम्हीपण?" व्हायोलिनवाल्या दंतवैद्य बाई म्हणाल्या.

"तुम्ही तरी कुठे बोललात?" हॉर्न वाजवणारे शाळामास्तर पुटपुटले.

"भाऊजी, रागावू नका," मेहुणा म्हणाला. "पुन्हा अडकलात तर कोणीतरी सावरायला नको? मला वाटलं, हे मलाच एकट्याला सुचलंय."

म्हणजे विश्वास तिघांचाही नव्हता. राग आला, पण रागावणं मला धड जमत नाही. आणि माझा तरी माझ्यावर कुठे होता?

मी मास्तरांची प्रत मागितली. त्यांनी व्हायोलाचे स्वर जसेच्या तसे उतरवले होते. हॉर्नवर लिहिलेला स्वर प्रत्यक्षात बराच खाली वाजतो, म्हणून तो वर चढवून लिहावा लागतो, हे तीस वर्षं हॉर्न फुंकणारा माणूस घाईत विसरला होता. मी तिथेच बसून तो तुकडा हॉर्नसाठी नीट शाईनं लिहून दिला.

"वाजवणार मीच," मी म्हणालो. "थांबलो, तर फक्त मास्तर. बाकीच्यांनी खोडा."

"हॉर्नवर छानच वाटेल हो तो," बाई म्हणाल्या.

एवढं ऐकायचंच राहिलं होतं.

मेहुण्यानं खरंच खोडलं का, हे मी दोनदा वाकून पाहिलं. मग व्हायोला उचलला.