रोज चालू केलेली गाडी

मोटरसायकलच्या जाहिरातीत साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर, एकच मालक असं सगळं नेहमीचं होतं. खाली मात्र कुणीतरी लिहिलं होतं, 'मालक नाही, पण गाडी रोज चालू करतो.'

"मालक नाही म्हणजे दुबईला गेला असंल," विजयसिंह म्हणाला.

विजयसिंह माझा थोरला भाऊ. त्याच्याच शंभर सीसीच्या गाडीवर मी शिकले आणि दिवाळीत लायसन काढलं. शिरोलीतल्या एका फौंड्रीच्या प्रयोगशाळेत मी काम करते. ओतलेल्या लोखंडात कार्बन किती आणि सिलिकॉन किती, ते सांगणं हे माझं काम. मोठ्या गाडीचं वेड मला धाडसापायी लागलं नव्हतं. इंजिनाबद्दल खूप वाचलं होतं आणि वाचलेलं हाताला कळावं असं वाटत होतं, एवढंच. घरात कुणाला हे पटलं नाही. आई म्हणाली, स्कूटी घे. विजयसिंह तर गाडी बघायला जाताना शिरोळपर्यंत वाऱ्यात ओरडत होता, "दोनशे किलोची म्हैस घेतीयास निशे! खरी म्हैस घे की, दूध तरी देईल!"

गाव शिरोळच्या पुढं, नदीकडेला होतं. घरासमोर ट्रॅक्टर उभा होता, आणि ओसरीत जाड वाकळ पांघरलेली गाडी. पन्नाशी ओलांडलेला एक उंच माणूस पुढं आला.

"या पावणं," तो विजयसिंहला म्हणाला. "मी कृष्णात. गाडी तुमीच घेणार न्हवं?"

"मी न्हाय. ही घेणार."

त्यानं मला डोक्यापासून नव्हे, पायापासून वर बघितलं. "पाय पुरत्यात काय खाली?"

"पुरतात की काका."

"पडलीस तर उचलाय दोन गडी लागतील."

"हा एक आणलाय सोबत," मी विजयसिंहकडं बोट केलं. काका हसले नाहीत, पण त्यांनी वाकळ काढली.

मी इतकी स्वच्छ जुनी गाडी पाहिली नव्हती. टाकीवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. टायर जमिनीला टेकून बसू नयेत म्हणून ती मोठ्या स्टँडवर, खाली पोती घालून उभी केली होती. फक्त चेनवर पिवळट ग्रीसचा जाड थर होता.

"काका, ट्रॅक्टरचं ग्रीस लावलंय व्हय हिला?" विजयसिंह वाकून म्हणाला.

"मग काय तूप लावू?"

तेवढ्यात आतून भाकरी थापायचा आवाज यायला लागला. काकांनी एकदा दाराकडं बघितलं आणि आवाज उतरवला.

"पोराची हाय. यशराजची. पुण्यात कंपनीत हुता. डेंग्यू झालं आन गेला. दोन वर्सं हुतील आता." कुणाला तरी पत्ता सांगावा तसं ते सांगत होते. "दवाखान्यात मला म्हणाला, आबा, गाडी रोज चालू करत जावा, न्हायतर बॅटरी उतरंल. शुद्धीतलं ते शेवटचंच. त्याच्या म्होरं बोलला ते समदं तापातलं."

विजयसिंहनं हातातला किल्ल्यांचा जुडगा खिशात घातला. दुबईची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही.

"तवापासनं एक दिस चुकीवला न्हाय," काका म्हणाले. "पूर आलता तवा ट्रॉलीत घालून जयसिंगपूरला पावण्यांकडं नेलती. तितं बी चालू केली. पोरी, तू शिकलेली हायस. नीट बघ. पैशाचं मागनं बोलू. आदी मला सांग, पोराची वस्तू मी जपली का न्हाय."

मी इंजिनावर तळहात ठेवला. गार होतं. जुनी गाडी बघताना इंजिन गार असताना चालू होतं का ते बघायचं असतं, कारण तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं. मी तसं म्हणाले.

"आज तुमी येणार म्हणून सकाळी तसंच ऱ्हाऊ दिलं," काका म्हणाले, आणि त्यांनी किल्ली फिरवून बटण दाबलं.

एका झटक्यात चालू झाली. आवाज कानाआधी तळपायाला कळला. दोन सिलिंडरचे ठोके एकामागून एक, जड, जरा लंगडत पडत होते. मी डोळे मिटून ते ऐकायला लागले आणि लक्षात आलं, की आतली भाकरी थांबली आहे.

काकांचा हात किल्लीवर गेला.

"राहू दे की काका जरा."

"बास तेवढं."

इंजिन बंद झालं. थोड्या वेळानं भाकरी थापायचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"पोराच्या आईला सोसत न्हाय," काका हळू म्हणाले. "आवाज आला की तिला वाटतंय, आला. उठून दारात येती. म्हणून मी लगीच बंद करतो. त्यानं सांगितलेलं बी हुतंय आन तिला बी जास्त तरास न्हाय."

"रोज एवढाच वेळ?"

"एवढाच. रोज."

पेट्रोल जळतं तेव्हा पाणी तयार होतं. शाळेतलं समीकरण आहे. इंजिन तापलेलं असेल तर ती वाफ निघून जाते. गार असेल तर तिचं आतल्या आत दव पडतं आणि ते ऑइलमध्ये उतरतं. ऑइल नीट तापेपर्यंत इंजिन चाललं तर तेही उडून जातं. पण हे इंजिन दोन वर्षांत एकदाही तापलं नव्हतं. रोज थोडं पाणी त्यात गेलं होतं आणि कधीच बाहेर आलं नव्हतं. नुसतं वाकळीखाली झाकून सोडून दिलं असतं, तर ते आतून याहून बरं राहिलं असतं. ऑइलचं झाकण उघडायच्या आधीच आत काय दिसणार ते मला माहीत होतं. तरी मी उघडलं.

झाकणाच्या आतल्या बाजूला बोटभर पांढरट साय जमली होती.

काका माझ्या खांद्यावरून वाकले. "हे काय? लोणी आल्यागत दिसतंय."

"ओलावा आहे काका. नदीकाठी थोडं येतंच गाड्यांना."

विजयसिंहनं माझ्याकडं बघितलं. घरी दशांश चिन्हावरून भांडणारी बहीण त्याला माहीत होती.

"बॅटरी किती जुनी?" मी विषय बदलायला विचारलं.

"ती दोनदा नवी घातली. आताच्या बॅटऱ्यांत दमच न्हाय."

त्यालाही कारण तेच होतं. चालू करताना जेवढी वीज जाते तेवढी भरून यायला रोजचा तो वेळ पुरत नव्हता. मुलानं ज्या बॅटरीसाठी सांगितलं होतं, ती यातूनच दोनदा संपली होती. मी झाकण पुसून घट्ट लावलं.

"मग? जपली म्हणायची का?"

"जपली काका."

त्यांनी वाकळ उचलली, झटकली, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातली आणि छातीशी धरून उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही.

किंमत त्यांनी सांगितली तीच मी दिली. ऑइल दोनदा बदलावं लागणार होतं, सायलेन्सर आतून गंजला असणार होता. त्यासाठी काही कमी करा म्हणता आलं असतं, पण मग कारण सांगावं लागलं असतं. कागदांवर सह्या झाल्यावर काकांनी किल्ली कड्यातून सोडवली. किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि कडं स्वतःच्या खिशात टाकलं.

"म्हैस इकली तरी दावं देत न्हाईत," ते म्हणाले.

तेव्हा त्यांची बायको, बनाबाई, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. तिच्या मनगटापर्यंत पीठ होतं. तिनं हेडलाईटला कुंकू लावलं. टाकीकडं बघितलं नाही.

"नाव काय गं तुझं?"

"निशिगंधा."

"आई हाय न्हवं घरात?"

"आहे की."

"मग हळू चालीव." ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "हितं चालू करू नगंस. मोठ्या रस्त्यापातूर ढकलत न्या."

आम्ही तिघांनी ढकलली. मी हँडल धरलं होतं, विजयसिंह आणि काका मागून रेटत होते. बोळाच्या वळणावर गाडी माझ्या बाजूला जराशी कलली आणि सगळं वजन मांडीवर आलं. "म्हैस!" विजयसिंह मागून धापा टाकत म्हणाला. पुढं उसाच्या ट्रॉल्या निघाल्या होत्या, त्या जाऊ दिल्या.

डांबरी रस्त्यावर आल्यावर काका म्हणाले, "एक फेरी मारून ये. बिरेक धरतो का बघ. मग जा."

मी चालू केली आणि क्लच सोडला. मघाशी मांडीवर आलेलं वजन गाडी हलल्याबरोबर कुठं गेलं, कळलंच नाही. हे का होतं ते मला कागदावर मांडून दाखवता येतं, पण कागदावर पोटात असं हलकं वाटत नाही. मनगट जरासं वळवलं तर कुणीतरी दोन्ही दंड धरून पुढं ओढल्यासारखं झालं. भीती वाटून मी मनगट सोडलं, आणि पुन्हा वळवलं. दोन्ही बाजूंचा ऊस मागं पळत होता. मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसले. मग यशराजही याच रस्त्यावर असाच हसला असेल असं मनात आलं आणि हसू थांबलं. तरी मी लगेच वळले नाही. ऊस संपेपर्यंत गेले, आणि परत येताना मुद्दाम सावकाश आले, कारण ती फेरी मला संपवायची नव्हती.

काका होते तिथंच उभे होते. मी गाडी थांबवली, पण बंद केली नाही. इंजिनाचे ठोके आता एकसारखे पडत होते, मघाचं लंगडणं गेलं होतं. काकांनी कान दिला. मग सवयीनं इंजिनावर तळहात टेकवला आणि चटका बसून मागं घेतला.

"लई तापलंय गं हे!"

"तापायलाच पाहिजे काका. त्याशिवाय आतलं पाणी..."

वाक्य तोडायला मला उशीर झाला.

"कसलं पाणी?"

सायलेन्सरच्या तोंडातून डांबरावर थेंब पडत होते, तांबूस, गंजाच्या रंगाचे. काका त्या थेंबांकडं बघत राहिले. आयुष्यभर ट्रॅक्टर आणि पाणी उपसायची इंजिनं चालवलेला माणूस होता तो.

"त्ये लोणी," ते म्हणाले.

"काका, बिघडलेली नाही. ऑइल बदललं की..."

"खरं सांग पोरी. मघाशी सांगितलंस तसं नगो."

मग मी खरं सांगितलं. जितकं सोपं करता येईल तितकं करून, पण पाण्याचं आणि बॅटरीचं दोन्ही सांगितलं. विजयसिंह रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभा राहिला.

"किती येळ चालू ठिवायची असती?"

"वीसेक मिनिटं. आणि उभी नाही, चालवत."

"मला कुठं ही चालवाय येतीया," काका म्हणाले. मग गाडीकडं बघत म्हणाले, "त्यानं चालू करत जावा म्हणून सांगितलं. किती येळ, ते मी इचारलंच न्हाय. इचारायचं सुचलं न्हाय तवा."

"तुम्हाला कसं कळणार काका?"

"हे तिच्या कानावर जाय नगो. तिच्यापायी लगीच बंद करत हुतो. तिला लागंल."

"नाही सांगणार."

त्यांनी भाजलेला हात धोतराला पुसला. मला गाडीवरून उतरावं, त्यांच्याजवळ थांबावं असं वाटलं. पण स्टँड लावायची अजून नीट सवय नव्हती, आणि उतरून काय बोलायचं तेही माहीत नव्हतं. काकांनी मान वळवून गावाकडं बघितलं. उसाचे तुरे तिकडंच झुकले होते.

"वारं घराकडं चाललंय," ते म्हणाले. "तिला ऐकू जात असंल. जा आता तू."

मी गिअर टाकला आणि मनगट जितकं कमी वळवता येईल तितकंच वळवलं. तरी आवाज मोठाच होता.