देवणीपर्यंत एकदा

ज्ञानोबा सोनकांबळे यांनी सकाळपासून चौथ्यांदा गाडीचं बॉनेट उघडलं. आवळलेला बोल्ट ढिला केला, पुन्हा आवळला आणि आता जास्तच तर आवळला नाही ना, या शंकेनं गाडीचं इंग्रजी पुस्तक काढलं.

"त्या पुस्तकात बायकोला गाडीत कवा बसवायचं ते लिवलंय का?" पंचफुला पिशवी घेऊन दारात उभी होती. "ऊन डोक्यावर आलं."

"झालंच. फक्त एकदा…"

"चार वर्षं तुमचं फक्त एकदाच चालू हाय."

ते खोटं नव्हतं. गाडी विलायती होती, बिनटपाची, दोन माणसं जेमतेम मावतील एवढी. निजामाच्या अमलातल्या कुणा इंजिनिअर साहेबानं हौसेनं आणलेली. साहेब गेले आणि ती बांधकाम खात्याच्या गुदामामागं गंजत पडली. लिलावात कुणी हात लावेना, तेव्हा हेडक्लार्क ज्ञानोबांनी ती घेतली आणि घेतल्यापासून पस्तावत राहिले. निवृत्त झाल्यावर शेडमध्ये तिचं इंजिन त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून उघडलं, पुसलं, जोडलं. या संक्रांतीला ती सुरू झाली. पण अंगणाबाहेर काही गेली नाही. रोज काहीतरी राहून गेल्यासारखं त्यांना वाटे.

लातूर जिल्हा होऊन वर्ष व्हायचं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, आणि खोल्या मिळेनाशा झाल्या. पाणी तर आधीच मिळेनासं झालं होतं. पंचफुलाला शेडच्या जागी भाडेकरूसाठी खोली काढायची होती. नव्या कचेरीसमोर लॉज बांधलेले शेषेराव दोनदा येऊन गेले होते. "मला नुसता सांगाडा द्या, सर. इंजिन काढून ठेवा तुमच्याकडं. ओट्यावर उभी करतो, लाल रंग मारतो, दिव्यांच्या माळा सोडतो." त्या माळा ज्ञानोबांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या.

शेवटी पंचफुलानं निकाल दिला होता. "मला यात बसवून एकदा देवणीला, माज्या बहिनीकडं, भामाकडं न्या. गेली तर र्‍हाऊ द्या शेडमदी, मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. न्हाई गेली, तर सोमवारी शेषेराव घेऊन जातील."

आज शनिवार होता.

त्यांनी घागर उचलली आणि रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. शेजारून दूधवाल्यानं हाक मारली, तेवढं बघून त्यांनी झाकण लावलं. गाडी खोकली, थरथरली आणि पंचफुलाचा पदर उडवत फाटकाबाहेर पडली.

पहिले काही मैल ज्ञानोबांना रस्ता दिसलाच नाही. ते आवाज ऐकत होते. हा टकटक आवाज कालही होता का? ब्रेक डावीकडं ओढतोय का? पंचफुला मात्र एका हातानं डोक्यावरचा पदर धरून येणाऱ्या जाणाऱ्या बैलगाडीकडं बघून हसत होती. नळेगावच्या अलीकडं चढ लागला आणि इंजिनाच्या उष्णतेचा काटा एकदम लालवर गेला. मग बॉनेटच्या फटींतून वाफ सुटली.

"काय झालं हो?"

ज्ञानोबा वाफेकडं बघत उभे राहिले. गळती कुठंच नव्हती. मग त्यांना सकाळची घागर आठवली. त्यांनी ती अर्धीच ओतली होती. वर्षभर हाताला तीच सवय लागली होती. अंघोळीला अर्धी बादली, पाहुण्याला अर्धा पेला. हॉटेलातला पोऱ्यासुद्धा पेला अर्धाच भरायचा. अर्ध्यावर आला की हात आपोआप थांबायचा. चार वर्षं पुस्तक वाचलं, आणि शेवटी घागरीनं घात केला.

"मी अर्धंच ओतलं," ते म्हणाले.

"मग आता पुरं वता. ती वाडी दिसून राहिली की."

वाडीच्या पारापाशी घागरी, हंडे, डबे एका रांगेत मांडलेले होते. टँकर यायचा होता. माणसं सावलीला बसली होती. रांगेत त्यांच्या जागी भांडी उभी होती. ज्ञानोबा कॅन घेऊन गेले आणि थोडे लांबच थांबले. लहानपणी त्यांची आई अशीच विहिरीच्या ओट्याखाली थांबायची, कुणीतरी वरून घागरीत पाणी टाकेल म्हणून. कुणाच्या गावात पाणी मागायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं होतं. नोकरीच्या गावांनाही ते तांब्या बरोबर नेत.

"काय पायजे, बाबा?" एका म्हातारीनं विचारलं. तिला सगळे केवळाबाई म्हणत होते.

"पाणी. गाडीसाठी."

सावलीत हशा पिकला. "माणसाला न्हाई अन् मोटारीला!"

"कोन म्हनायचे तुमी?" केवळाबाईनं विचारलं.

हा प्रश्न येणार हे ज्ञानोबांना ठाऊक होतं. "सोनकांबळे. लातूरचे."

एका बाईनं उगीच उठून आपला हंडा वीतभर सरकवला. तो उन्हातून सावलीत घेतला की आणखी कशासाठी, ते ज्ञानोबांना कळलं नाही.

"मग डबा ठिवा की मागं," केवळाबाई म्हणाली. "रांगंत आला त्याला पानी."

दीड तासानं टँकर आला. रांग भराभर पुढं सरकली. ज्ञानोबा भांडी मोजत होते आणि टँकरचा पाइप ढिला पडताना बघत होते. पुढं पाच भांडी राहिली, तेव्हा त्यांनी कॅन रांगेतून उचलला आणि गाडीकडं परत आले.

पंचफुला कडाडली. "तुमाला कुनी काय म्हनलं का?"

"कुणी नाही म्हणालं."

"मग काहून उचलला?"

"म्हणायच्या आधी उचलला."

"जलमभर हेच केलं तुमी! कुनी न्हाई म्हनायच्या आधी मागं सरायचं. ती गाडी काय सोताहून जाईल का देवणीला?"

ज्ञानोबांनी रिकामा कॅन गाडीला टेकवून ठेवला.

टँकर गेला. केवळाबाई काठी टेकत आली. "त्यो टँकरचा कॉक गळतो, त्याच्याखाली मी खड्डा केलाय. माज्या गाईचं पानी हाय ते. घे त्यातलं."

खड्ड्यातलं पाणी चहासारखं होतं. पुस्तकात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: स्वच्छ, शक्यतो पावसाचं पाणी. या गाळानं रेडिएटरच्या नळ्या बुजतील. चार वर्षांचं काम एका कॅनमध्ये मातीत. आणि गुराचं पाणी का? मोटारीला म्हणून, की सोनकांबळ्यांना म्हणून? ते तिच्या तोंडाकडं बघत राहिले. तिथं सुरकुत्यांशिवाय काही वाचता येईना.

"काय इचार करून राहिला? गाय पिती की."

"पाणी गढूळ आहे, बाई. गाडी बिघडेल."

"आन् न्हाई टाकलं तर?"

"तर चालणार नाही."

"मग बिगडंल ती चालून तरी बिगडंल." मग ती जवळ सरकली. "पर माजी एक अट हाय. येशीपत्तूर मला बसवायचं. म्या आजून मोटारीत बसली न्हाई."

पंचफुलानं पदराची चौपदरी घडी केली आणि कॅनच्या तोंडावर धरली. ज्ञानोबांनी खड्ड्यातून पेल्यापेल्यानं पाणी गाळलं. थंड झालेल्या रेडिएटरमध्ये ते ओतताना अर्ध्यावर हात थांबला, तसा पंचफुलानं कॅनला खालून धक्का दिला. "वता." काठोकाठ भरलं. पदरावर बोटभर चिखल राहिला.

हँडलच्या तिसऱ्या फिरकीला इंजिन सुरू झालं. केवळाबाई काठीसकट आत शिरली आणि पंचफुलाच्या जागी खांद्याला खांदा लावून बसली. "धर नीट," तिनं ज्ञानोबांनाच सांगितलं आणि त्यांचा दंड पकडला. सगळी वाडी मागून पळत होती. मघाशी हंडा सरकवणारी बाईही त्यात होती, तोंडाला पदर लावून हसत. वेशीत केवळाबाई उतरली. "लई गुदगुल्या करती की ही!" इंजिन बंद करायची ज्ञानोबांची छाती नव्हती. मागून धापा टाकत आलेली पंचफुला धडधडत्या गाडीतच चढली.

पुढचा रस्ता त्यांनी काट्यावर डोळा ठेवून कापला. काटा लालच्या काठाशी थरथरत राहिला. उतारावर गाडी सोडायची, चढावर देवाचं नाव न घेता नुसते दात दाबायचे. देवणीत शिरले तेव्हा ऊन कललं होतं आणि बॉनेटमधून तांबूस ओघळ येत होते.

भामाबाईनं गुळाचा खडा आणि तांब्या आणला. ज्ञानोबा तांब्या हातात घेऊन गाडीकडं वळले.

"प्या आधी," पंचफुला म्हणाली. "सकाळपासून घोटभर न्हाई घेतलं तुमी."

"पण ती नळी… उद्या सगळं खोलावं लागेल, पंचफुला. गाळ पार आतवर गेला असणार. कदाचित मी ते पाणी ओतायलाच नको…"

"खोला. महिनाभर खोला. शेषेरावला मी सांगते, गाडी द्यायची न्हाई म्हनून." तिनं पदरावरचा वाळलेला चिखल झटकला. "प्या."

ते प्यायले. गटागटा, तळापर्यंत. पिता पिता डोळे मात्र ओघळाकडंच होते: आधी खालची नळी सोडायची, की वरची?