वीस बेंचांचा वर्ग

मुलांनो, जरा कल्पना करा. उन्हाळ्याची सुटी संपली आहे आणि तुम्ही पाचवीत गेला आहात. वर्गाच्या दारावर दोन कागद चिकटवले आहेत. चार वर्षं ज्याच्या शेजारी बसलात त्याचं नाव एका कागदावर आहे, तुमचं दुसऱ्यावर. कोणीही तुम्हाला काही विचारलेलं नाही. काय वाटेल तुम्हाला?

२०१२ सालच्या जूनमध्ये रविता अशाच दोन कागदांपुढे उभी होती. गोंदियातल्या आमच्या नगरपरिषदेच्या शाळेत. तिचे वडील रामलाल राइस मिलमध्ये पोती उचलायचे. रेल्वेलाइनपलीकडच्या गोंड वस्तीत त्यांचं घर. चौथीत ती हिमांशुच्या शेजारी बसायची आणि त्याला अपूर्णांक समजावून सांगायची, कारण मी त्यांची वर्गशिक्षिका असूनही माझं समजावणं त्याच्या डोक्यात शिरत नसे.

त्या वर्षी शाळेत सेमी इंग्रजीची तुकडी निघाली. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. त्या तुकडीला नव्या इमारतीतली खोली मिळाली, वीस नवे बेंच, चाळीस मुलं. बाकीची मुलं मैदानापलीकडच्या टिनाच्या खोलीत, जमिनीवर अंथरलेल्या तागाच्या लांब टाटपट्टीवर. हिमांशु सेमीत होता, रविता टिनात.

ती माझ्याकडे आली. "काऊन जी मॅडम, मले किती मार्क भेटले?"

सेमीसाठी चौथीतच घेतलेल्या निवड चाचणीची यादी मी काढली. तिच्या नावापुढे मार्क नव्हते. 'गैरहजर' लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. आणखी दहा नावांपुढे तेच. अकराही मुलं एकाच वस्तीतली. मग मी तारीख पाहिली आणि खुर्चीत बसले.

माघ पौर्णिमा. त्या दिवशी गोंड वस्तीत कोणी घरी नसतं. सगळे दरेकशाच्या गाडीने कचारगडच्या जत्रेला जातात. शाळेच्या कॅलेंडरवर त्या दिवशी सुटी नव्हती, म्हणून चाचणीला तीच तारीख मी सुचवली. मुलांनी घोकून येऊ नये म्हणून आधी कळवायचं नाही, हेही माझंच म्हणणं. आणि आदल्या दिवशी रविता मला सांगून गेली होती, "मॅडम, उद्या आमी कचारगडले जाऊन राहिलो." चाचणी उद्याच आहे हे न आठवता मी म्हणाले होते, "जा, जपून जा."

"तू गेली होतीस ना त्या दिवशी," मी म्हणाले.

"तुमाले तं सांगूनच गेली होती," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मुख्याध्यापक बिसेन सरांकडे मी गेले. माणूस वाईट नव्हता. दरवर्षी पन्नासेक मुलं कॉन्व्हेंटला निघून जायची, शाळा रिकामी होत होती. ती वाचवायला त्यांनी ही तुकडी मागून आणली होती.

"अकरा जणांची परत चाचणी घेऊ," मी म्हणाले.

"अन् बसवायचं कुठं? बेंच वीस. ज्यांची नावं लागली त्यांना उठवू का? त्यांचे बाप माझ्या दारात येऊन बसतील." त्यांनी कपाळ चोळलं. "ती पोरगी हुशार आहे म्हणता ना? तिला घ्या. पहिल्या बेंचवर तिसरी बसेल. बाकीच्यांचं पुढच्या वर्षी पाहू."

मी रविताला सांगितलं. तिचा चेहरा उजळला. मग तिने विचारलं, "अन् सोनू? दुलारी? ते बी तं कचारगडलेच होते."

"बेंच नाहीत गं."

"फक्त बेंच नाहीत, म्हणूनच का?"

"हो," मी म्हणाले. सोपं उत्तर होतं, म्हणून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती सेमीच्या वर्गात आली. हिमांशुने सरकून जागा केली. "आ गई? चल, बैठ. अपूर्णांक अब इंग्लिश में आनेवाले हैं, मैं तो मर गया." ती हसली, पण बसली नाही. दप्तर त्याच्याजवळ ठेवलं, तिला मिळालेलं गणिताचं नवं पुस्तक चाळून बेंचवर ठेवलं आणि बाहेर गेली. पाणी प्यायला गेली असेल, असं मला वाटलं. मी फळ्यावर तारीख लिहायला घेतली.

मागे पावलं वाजली. वळून पाहिलं तर रविता आणि सोनू टाटपट्टीची दोन टोकं धरून दारातून आत येत होते. मागे दुलारी आणि बाकीचे आठ जण दप्तरं छातीशी धरून. फळा आणि पहिला बेंच यांच्या मधल्या जागेत त्यांनी टाटपट्टी उलगडली. व्हरांड्यात बिसेन सरांच्या चपलांचा आवाज येत होता, आणि मी खडू धरून उभी होते.

रविताने हिमांशुच्या बेंचवरून आपलं पुस्तक उचललं. ती खाली त्या दहा जणांमध्ये बसली, पहिलं पान उघडलं आणि सगळ्यांना दिसेल असं पुस्तक मधोमध ठेवलं.