वीयोक म्हणजे काय

डिंपलचा शब्द आला तेव्हा मी सप्ताहासाठी टाळ पुसत बसलो होतो. मोबाइलवर एकच शब्द होता, 'वीयोक'. खाली तिनं लिहिलं होतं, 'बाबा, याच्यात माझं उत्तर आहे. ओळखा.'

उत्तर कशाचं, हे आमच्या घरात कोणाला सांगायची गरज नव्हती. पोरगी जर्मनीत एका वृद्धाश्रमात नर्स आहे. तिचा करार संपत आला होता. पुन्हा सही केली तर आणखी काही वर्षं तिकडंच, नाही केली तर परत डोणगावला. फोनवर विचारलं की ती पावसाचं काढायची, वांग्यांच्या भावाचं काढायची. तिची आई अन्नपूर्णाबाई म्हणायची, "सरळ बोलत नाही तुमची लेक. तुमच्यावरच गेली."

हा शब्द ओळखायचा खेळ तिचाच. तिकडं भाषा शिकताना तिला तिच्यासारखीच वेडी मंडळी मोबाइलवर भेटली. जर्मन आणि इंग्रजी या बहिणी. त्यांना आणखी एखादी बहीण असती तर ती कशी बोलली असती, असं समजून ही मंडळी नव्या भाषा रचतात. कोणी बोलत नाही त्या, कुठं गाव नाही त्यांचं. एकानं आपल्या भाषेतला शब्द टाकायचा आणि बाकीच्यांनी त्याचं मूळ शोधून अर्थ ओळखायचा.

सुरुवात तिच्या नावापासून झाली. एकदा तिचा हसत हसत फोन आला. "बाबा, डिंपल म्हणजे गालावरची खळी नं? त्याचा भाऊबंद इकडच्या भाषेत आहे, ट्युम्पेल. म्हणजे डबकं."

"डबकं काऊन?" तिची आई मधेच बोलली. "तळं म्हण. मी पोटात वागवलं ते काय डबकं?"

मला मात्र गोडी लागली. जन्म कीर्तनं ऐकण्यात गेला. महाराज एक शब्द घेतात, जोंधळ्याच्या कणसासारखा हातावर चोळतात आणि दाणा न् दाणा समोर ठेवतात. लेक साता समुद्रापलीकडं तेच करत होती. तिनं मला नियम शिकवले. आपला 'द' इंग्रजीत 'ट' होतो, म्हणून दोनचं टू, दहाचं टेन. आपला 'ग' तिथं 'क' होतो, म्हणून गाय तिथं काऊ.

"आणि बाबा, योग म्हणजे जोडणं. त्याचं इंग्रजीत योक. आपलं बैलाच्या मानेवरचं जू पण त्याच घरचं."

मला इतका आनंद झाला की मी ते महाराजांना सांगितलं, आणि त्यांनी त्या आठवड्यात कीर्तनात घेतलं. देवाशी योग म्हणजे त्याच्या जुवाला मान देणं. मंडपात माणसं डोलली. मी डोळे पुसले.

तसा मी चुकायचो फार. एकदा तिनं 'हर्त' पाठवला. मी म्हणालो, हरण करणारा, म्हणजे आपला हरी. ती म्हणाली, "नाही हो बाबा, काळीज." मी म्हणालो, "मंग एकच झालं." किती वेळ हसत होती.

आता वीयोक. टाळ बाजूला ठेवून मी शब्द फोडला. 'क'चा मागं 'ग' केला. योग. पुढं 'वी', म्हणजे वेगळं.

वियोग.

मी पुन्हा फोडून पाहिला. तेच निघालं.

"काय म्हणते पोरगी?" तिच्या आईनं चुलीपासून विचारलं.

"राहते म्हणते तिकडंच."

भाकरी थापायचा आवाज तेवढा थांबला, मग परत सुरू झाला. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग रडका आवाज नका काढू. आपल्यासाठी कुढत बसीन पोरगी."

म्हणून मी घसा साफ केला आणि आवाज भरून पाठवला, "ओळखला वं माय. वियोग. तू सुखानं राहा तिथं. आमची फिकीर नको करू. दोघं खुशाल आहोत."

तिचं उत्तर आलं, 'बरं बाबा.' बस, तेवढंच. एरवी चुकलो की मला चिडवणारी पोर. मला वाटलं, तिच्या मनावरचं ओझं उतरलं असेल.

सप्ताह बसला. पहिल्या दिवशी महाराजांनी गोपींचा विरह घेतला. माझा टाळ दोनदा चुकला. शेजारी बसलेला कडूबा कानाशी लागला, "काय बे मोतीराम, झोप लागली का?" मी हो म्हणालो. सोपं होतं ते.

दुसऱ्या दिवशी तण काढायला सोयाबीनला डवरा धरला होता. आभाळ मोकळं होतं. पण पिकाच्या तासात माझं लक्षच नव्हतं. दोनदा झाडं उपटली. दिवस कलला तसा डवरा सोडला, बैलांच्या मानेवरचं जू उचलून वावराच्या कडेला धुऱ्यावर ठेवलं. थोरल्यानं मान झटकली. जू असायचं तिथं मी हातानं चोळत होतो, तर त्यानं तोंड गावाकडं वळवलंसुद्धा. धाकटा त्याच्या मागं. हाकायची गरज नव्हती. रोजचंच.

पलीकडच्या वावरातून कडूबा ओरडला, "सोडलं का बे जू?"

"हाव, सोडलं," मी म्हणालो. आणि ते माझ्याच कानात राहिलं.

जू. योक. तिनं तर योग आणि जू, दोन्ही सांगितली होती. मी कीर्तनातलं घेऊन घरी गेलो आणि वावरातलं वावरातच विसरलो.

धुऱ्यावर बसलो आणि फोन लावला. तिकडं दुपार असणार.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे नं?"

"बरी आहे. सही केली का तू?"

"उद्या करतो. तुम्हीच म्हणले नं, राहा."

"माय, वीयोक म्हणजे जू सुटणं का?"

पलीकडं कोणीतरी म्हातारं माणूस तिला हाक मारत होतं. ती त्याला त्याच्या भाषेत काहीतरी मऊ बोलली. मग दार लागल्याचा आवाज आला.

"संध्याकाळ, बाबा," ती म्हणाली. "माह्या भाषेत वीयोक म्हणजे संध्याकाळ. औत सुटते, बैल घरी निंघतात, ते वेळ. इथं उन्हाळ्यात रात्र झाली तरी उजीड जातच नाही. ड्युटी सुटते, पण सुटल्यावानी वाटतच नाही. कोणीकडं तोंड करून चालावं, समजत नाही."

"मंग सरळ सांगावं नं."

"कसं सांगू? एवढा गाजावाजा करून धाडलं तुम्ही. लोक विचारतीन, काऊन परत आली. मी म्हटलं, बाबांले शब्द देतो. त्यांनी ओळखलं तर ये म्हणतीन."

"आणि म्या राहा म्हटलं."

"हो."

बैल वळणापर्यंत गेले होते. घुंगरांचा आवाज बारीक होत चालला होता.

"आता माहा शब्द ओळख," मी म्हणालो. तिचेच नियम लावून मी तो तिथल्या तिथं बांधला होता. "आकमन."

ती पुटपुटली, "'क'चा 'ग'. आगमन." मग तिचा आवाज फुटला, हसू होतं की रडू, इतक्या लांबून समजलं नाही. "बाबा, हा बनवलेला नाही हो. इथले लोक असंच म्हणतात, आन्कोमेन. पोचणं."

"मले काय माहीत. म्या आपला अंदाजानं केला."

"नोटीस द्या लागते. दिवाळीपर्यंत निघणं होत नाही."

"होऊ दे. सही नको करू फक्त."

"नाही करत."

फोन ठेवला तेव्हा अंधारून आलं होतं. बैल केव्हाच घरी पोचले असतील, तिच्या आईनं दावणीला बांधलेही असतील. मंडपात हरिपाठ लागला असेल. जायचं होतं मला. पण मी तसाच धुऱ्यावर बसून राहिलो, एक हात जुवावर ठेवून, रस्त्याकडं तोंड करून.